अर्चिनची पोरं अन् माही निळी पावडर

नागपुरात समुद्र नाही, तो मी बनवला. वीस वीस लिटरचा, बादलीत मीठ कालवून, आपल्या हातानं. खरा समुद्र मी अजून पाह्यला नाही, तो निळा असते हे बी मले कॅलेंडरवरूनच माहीत.

हा अंक काढणाऱ्या दादानं म्हटलं का, सुखदेवभाऊ, तुमच्या नोकरीचं काहीतरी द्या. मी म्हटलं, बावा, मी चौथीपर्यंत शिकलो, अन् चौथीत दोन वर्ष बसलो, म्हणजे हिशोबानं शिक्षण जास्तच झालं, पण लिहिणं काही जमत नाही. तर मी बोलून राहिलो अन् माही सून मोबाईलवर टाइप करून राहिली. मधामधात ती हासते. तठी मी काहीतरी लय मोठं ज्ञान सांगून राहिलो असतो.

एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्ष होतो. कागदावर परिचर, तोंडानं 'ए सुखदेव'. काम काय? बेडूक चालू होते तवा बेडूक धरणं, बेडकावर बंदी आली तवा झुरळं धरणं, अन् बाराही महिने काच धुणं. बीकर, नळ्या, बशा. लोकाइले वाटते, भांडे घासणं, त्यात काय? पण घरचं भांडं डोळ्याले साफ दिसलं का साफ. लॅबचं भांडं, जे डोळ्याले दिसत नाही त्याच्यापासून साफ पाहिजे. हे मले पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. समजलं रिटायर व्हायच्या टायमाले.

बिघडलो मी एका साहेबामुळं. एकदा तपासणीची समिती आली, त्यातल्या एका साहेबानं माहं बीकर उजेडात धरलं अन् म्हणे, "वा! आरसा आहे आरसा." माह्या बापानंही मले कधी वा म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी कोणाचं ऐकणं बंद केलं. कोणी म्हटलं, सुखदेवभाऊ, हे असं धुवा, का मी मनात म्हणो, तू जन्मला नव्हता तवापासून माहा आरसा होऊन राहिला.

तर नोकरीच्या शेवटच्या वर्षाइत आमच्या इथं प्रणाली आली, पीएचडी करायले. पोरगी सावनेरकडची, बाप कोळशाच्या खाणीत. रोज बसनं येणं, बसनं जाणं. तिच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली तीच पहिली. अन् विषय घेतला तो समुद्रातल्या जनावराचा! म्या विचारलं, "बेटा, सावनेरात काय जनावरं कमी पडले का वं?" तर म्हणे, "काका, याचं पोर काचेवानी असते. पोटात काय चाललं ते बाहेरून दिसते."

त्या जनावराचं नाव अर्चिन. समुद्रातला साळू, म्हणजे साळिंदरच समजा. काळ्या काट्याचा लाडू. डोळे नाही, डोकं नाही, तोंड खाली अन् जे खाली पाहिजे ते वर. किनाऱ्यावरचा एक माणूस ते थर्माकोलच्या डब्यात पॅक करून रेल्वेनं पाठवे अन् मी स्टेशनावरून आणो. ऑटोवाला विचारे, "काका, काय आहे डब्यात?"

"समुद्रातले साळू."

"खाता का?"

"नाही गा. डिलिव्हरी करतो त्याहिची."

"नॉर्मल का सिझर?"

"इंजेक्शन देतो."

पुढं रस्ताभर तो आरशात माह्याकडंच पाहे.

अख्ख्या डिपार्टमेंटले एसी एकच, अन् तो या लाडवाइच्या खोलीले. हेडसाहेब कूलरसमोर पंचेचाळीस डिग्रीत उकडून राहिले अन् ज्याले डोकंच नाही ते थंड्या हवेत बसले. मे महिन्यात सगळ्या प्राध्यापकाइले एकदम संशोधनाची आवड लागे. जो तो येऊन म्हणे, "काय सुखदेव, कसे आहेत अर्चिन?" अन् अर्धा तास बसे. एकानंही कधी डब्यात वाकून पाह्यलं नाही.

आता डिलिव्हरी कशी ते सांगतो. लाडवाले एक इंजेक्शन द्यायचं अन् काचेच्या ग्लासावर उलटा ठेवायचा. मादी असली का केशरी रव्यावानी अंडे खाली झरतात. नर असला का दूध. दोन्ही मिसळले का मिनिटभरात मजा पाहा: दुर्बिणीखाली (मायक्रोस्कोपले मी दुर्बीणच म्हणतो) एकेका अंड्याभोवती पापुद्रा वर उठते, तेलात पुरी फुगते तसा. मंग त्या पापुद्र्याच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दिवस कलला का आत एक केसाळ गोळा गरगर फिरून राहिला असते. त्याले बाहेर निघाचं असते, पण दार नाही. मंग ते पोर आपल्याच अंगातून एक रस सोडते. त्याले म्हणतात एन्झाइम, मराठीत विकर. त्या रसानं पापुद्रा गळते अन् पोर पोहत बाहेर.

मी म्हटलं, "म्हणजे सावजी मटणात कच्ची पपई टाकली का मटण गळते, तसं?"

प्रणाली टेबलावर हात मारून म्हणे, "एकदम तसंच, काका! पपईत बी एन्झाइमच असते."

झालं. आठ दिवस मी चपराशापासून प्राचार्यापर्यंत सगळ्याइले सांगत फिरलो का पीएचडी काही कठीण नाही, मले समजली.

प्रणालीचा प्रयोग असा होता. रामटेककडच्या जंगलातल्या एका झाडाची साल. झाडाचं नाव मले कोणी सांगितलं नाही, कारण मी ते चौकात सांगितलं असतं. त्या सालीचा काढा पाण्यात टाकला तर त्या रसाले कुलूप लागते काय, म्हणजे पोर पापुद्र्यातच अडकून राहते काय, हे तिले पाहाचं होतं. काचेच्या बशा दोन प्रकारच्या. ज्यात काढा टाकायचा त्याच्या बुडाले लाल ठिपका. ज्यात नुसतं समुद्राचं पाणी त्याले हिरवा. लालची हिरव्यात नाही करायची, हिरव्याची लालात नाही. अन् पहिल्याच दिवशी ती मले म्हणे, "काका, या बशांले साबण नाही लावायचा. कोणताच नाही. गरम पाणी, ब्रश, मंग तीनदा डिस्टिल्ड वॉटर. बस."

मी म्हटलं, "हाव."

हे हाव माह्या तोंडातून तीस वर्ष असंच निघे, त्याचा कानाशी काही संबंध नव्हता.

हिरव्या बशा धुणं सोपं. समुद्राचं पाणी ओतलं, गरम पाणी फिरवलं, झालं. त्या डागतच नव्हत्या. पण लाल बशीत तो काढा बसला का कत्थ्यावानी डाग पडे. गरम पाण्यानं तो निघाले अर्धा दिवस भिजत ठेवा लागे. इतका टाइम कोणाले आहे? मले दुपारी पान खायले जा लागे. अन् डागवाली बशी पोरीसमोर ठेवली तर माह्या आरशाची इज्जत काय राहते? मंग मी काय करो, लाल बशीले चिमूटभर कपडे धुवाची निळी पावडर लावो, काथ्यानं घासो, दोन मिनिटात चकाचक. वरून डिस्टिल्ड वॉटर दाखवल्यासारखं करो. बशी अशी चमके का तोंड पाहून घ्या. प्रणाली खुश होऊन म्हणे, "काका, तुमच्या हाताले तोड नाही."

अन् प्रयोग बी असा काही जमला, बाप्पा! सकाळी अंडे बशांत टाकले का संध्याकाळी हिरव्या बशीतले पोरं भिरभिर बाहेर, अन् लाल बशीतले सगळे आतल्या आत. एकदा नाही, दोनदा नाही. वर्षभर, जेवढ्या वेळा डबा आला तेवढ्या वेळा. हिरवे बाहेर, लाल आत. मॅडम, म्हणजे तिच्या गाइड, तोंडावर हासू येऊ न देण्यासाठी प्रसिद्ध होत्या, त्या एका दिवशी स्वतः चहा पाजून गेल्या. म्हणे, इतका स्वच्छ रिझल्ट त्याहिनं उभ्या नोकरीत पाह्यला नाही.

स्वच्छ तर होताच. मी घासला होता.

सोमवारी प्रणालीचं शेवटचं प्रेझेंटेशन लागलं. ते झालं का थिसिस जमा. तिची फेलोशिप त्याच महिन्यात संपून राहिली होती, अन् सावनेरच्या एका कॉलेजात जागा निघाली होती, त्या जागेले डॉक्टर पदवी पाहिजे होती. तिचा बाप खाणीतल्या सगळ्याइले सांगून बसला होता.

त्याच्या आधीच्या बुधवारी पुन्हा एक समिती आली. तीन साहेब. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेलो तर प्रणाली त्याहिले समजावून सांगत होती. एका साहेबानं विचारलं, "हे एन्झाइम किती नाजूक असतं?"

ती म्हणे, "सर, लय नाजूक. भांड्याला साबणाचा नुसता हात लागला तरी बंद पडते. म्हणून आमच्याकडं साबण या बशांजवळ येतच नाही." अन् माह्याकडं हात करून म्हणे, "विचारा काकांना."

तीन साहेब, मॅडम, प्रणाली, सगळ्याइनं माह्याकडं पाह्यलं. मी ट्रे टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, "हाव."

त्या दिवशी पहिल्यांदा ते हाव माह्या स्वतःच्या कानात गेलं.

मी काही येडा नाही, अर्धा आहे. मोरीशी उभा राहून विचार केला. लाल बशीत दोन गोष्टी होत्या: सालीचा काढा अन् माही पावडर. हिरवीत दोन्ही नव्हत्या. मंग पोरं कोणामुळं अडकले? झाडामुळं का माह्यामुळं? दोन दिवस मी स्वतःले समजावत राहिलो. सुखदेवा, चूप राहा. पोरगी डॉक्टर होऊन राहिली, बाप हरखून राहिला, तुले रिटायर व्हाले दोन वर्ष उरले. पापुद्र्यात अडकलेल्या पोराइचं कोण विचारते? पण मंग दुसरा विचार ये. उद्या कोण्या दुसऱ्या शहरातल्या लॅबमधी कोणी हाच प्रयोग करन. तिथला सुखदेव नियमानं काच धुवन. तिथं लाल बशीतले पोरं भिरभिर बाहेर निघतीन. मंग खोटी कोण ठरन? सुखदेव नाही. सावनेरची पोरगी.

शनिवारी प्रणाली प्रिंट काढाले गेली होती. डब्यात सहा लाडू शिल्लक होते. सकाळी मी दार लावलं, इंजेक्शन दिलं (ते तसंही मीच द्यायचो), अंडे काढले अन् तीन बशा मांडल्या. एक हिरवी, नुसत्या पाण्याची. एक लाल, माह्या पद्धतीनं पावडर लावून चमकवलेली, पण काढा बिलकुल नाही. अन् तिसरी हिरवी, जिले जन्मात साबण माहीत नाही, त्यात काढा चांगला दाबून टाकला. मंग खुर्ची घेऊन बसलो. पान खायले बी गेलो नाही. साडेपाचले दुर्बिणीत डोळा लावला.

पहिलीतले पोरं बाहेर. काढ्यातले पोरं बाहेर, अन् असे नाचून राहिले जशी वरात. माह्या आरशातले सगळे आत.

म्हणजे झाडाचा काही गुन्हाच नव्हता. वर्षभराचा जो रिझल्ट सगळ्याइनं वाखाणला, तो मीच होतो.

तेवढ्यात प्रणाली आली. हातात प्रिंटचा गठ्ठा.

"अरे काका, गेले नाही अजून?"

"बेटा, एक गोष्ट होती."

"चहा नको मले."

"चहाचं नाही वं. समजा एखाद्यानं बशी जरा जास्तच साफ केली, तं?"

"जास्त साफ म्हणजे?"

"म्हणजे... मनापासून."

तिनं गठ्ठा टेबलावर ठेवला. "काका, काय लावलं?"

"पावडर. निळीवाली."

"कोणत्या बशीले?"

"लालवाल्या."

"अन् हिरव्याले?"

"हिरव्याले कायले लावू? त्या डागत नाहीत नं."

माह्या मनात होतं का ती चिल्लावन. ती चिल्लावली नाही, ते जास्त खराब झालं. खाली बसली. मंग म्हणे, "कवापासून?"

"पह्यल्या दिवसापासून."

मी तिले दुर्बिणीकडं नेलं. एक बशी दाखवली, दुसरी, तिसरी. कशात काय आहे ते सांगितलं. ती लय वेळ डोळा लावून होती. डोळा न काढताच म्हणे, "हे कोणी मांडलं?"

"मीच."

"असं तुलना करून पाह्याचं कोणी शिकवलं तुम्हाले?"

"तूच तं. रोज बडबडत राहते."

ती म्हणे, "म्हणजे बडबड ऐकू येत होती तुम्हाले. फक्त साबणाची तेवढी नाही आली."

आम्ही दोघंही मॅडमकडं गेलो. मॅडमनं सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माह्याकडं पाहून म्हणे, "सुखदेव, हे तुम्हाला सोमवार झाल्यावर, मंगळवारी आठवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मी हासलो. मले वाटलं मजाक आहे. मॅडम हासल्या नाही.

मॅडम प्रणालीले म्हणे, "आधी सोमवार पार पडू दे. मग बघू काय ते."

प्रणाली उभी होती. प्रिंटचा गठ्ठा छातीशी धरलेला. म्हणे, "मॅडम, सोमवारच्या यादीतून माझं नाव काढा."

"अगं, जागा जाईल ती."

"जाईल."

गेलीच. सावनेरची ती जागा दुसऱ्या कोणाले भेटली. फेलोशिप संपली. पोरगी गावात ट्यूशन घ्याले लागली अन् जसा टाइम भेटे तशी लॅबमधी ये. तिचा बाप एकदा कॉलेजात आला होता, खाणीतली ड्युटी संपवून. मी त्याहिले चहा दिला. त्याहिनं मले हात जोडून म्हटलं, "पोरगी म्हणते, तुम्हीच खरं सांगितलं." त्याहिले पूर्ण गोष्ट माहीतच नव्हती. मी जाऊन मोरीत तोंड धुतलं. साबणाशिवाय.

प्रणाली आता आपल्या बशा आपणच धुवे. मी पुसायचा टॉवेल घेऊन बाजूले उभा राहो, तर म्हणे, "काका, बसा तुम्ही." उभी जिंदगी भांडे घासणाऱ्याले 'बसा' म्हणणं, याच्याएवढी शिक्षा तर कोण्या कोर्टानं बी नसती दिली. पंधरा दिवस मी स्टुलावर बसून होतो. पाहणाऱ्याले वाटे का सुखदेवले प्रमोशन झालं.

साल तिनं फेकून दिली. नवा विषय कोणता घेतला? साबण! म्हणे, एवढ्याशा साबणानं जर एन्झाइम बंद पडते, तर नेमका किती लागते ते तरी पाहू. कारण आपल्या मोरीतलं पाणी नाग नदीत, तिथून हिंडत फिरत शेवटी समुद्रालेच जाते, अन् तिथं या लाडवाइचे पोरं राहतात. मले म्हणे, "काका, साबणं तुम्ही आणा. त्यात तुमच्याएवढा अनुभवी माणूस नाही आपल्याकडं." मी नागपुरातल्या महाल भागातल्या दुकानाइतून सगळ्या जातीच्या पावडरी, वड्या, शाम्पू गोळा केले. घरून बायकोचा बी शाम्पू नेला, तवा दोन दिवस घरी माह्याशी कोणी बोललं नाही. थेंब मोजून मोजून टाकले. समुद्र मी बनवो, साबण मी आणो, पोरं ती मोजे. माही निळी पावडर सगळ्यात जालीम निघाली. बीकरभर पाण्यात सुईच्या टोकावर बसन एवढीच लागे.

वाईट काय वाटते सांगू? नोकरी गेली तिची, ते तर आहेच. पण त्या वर्षभरात लाल बशीतले किती पोरं होते! पापुद्र्याच्या आत गरगर फिरून राहिले, दार उघडाले रस सोडून राहिले, अन् बाहेरून हा शहाणा काच चमकवून राहिला. मी दुर्बिणीतून चोरून पाहो अन् मनात म्हणो, वा, काय झाड आहे!

शेवटी झाली प्रणाली डॉक्टर. मी रिटायर होऊन दोन महिने झाले होते, तरी ती पेढ्याचा डबा घेऊन माह्या घरी आली. बाप बी सोबत होता, नवा शर्ट घालून. माह्या बायकोनं चहा टाकला. सगळे खुश. आता एवढ्या खुशीत मले गप बसवते काय? अंगातला जुना आरसा उसळला. चार लोकाइच्या समोर आपलं बी नाव निघावं असं वाटलं. मी पेढा तोंडात टाकला अन् म्हटलं, "पाय बेटा, त्या शनिवारी मी तोंड उघडलं नसतं, तर आज तू अशी खरी डॉक्टर झाली असती काय?"

प्रणालीनं कप बशीत ठेवला.

"काका," ती म्हणे, "तुम्ही तोंड उघडलं म्हणून नाही झाली मी डॉक्टर. तुम्ही पह्यल्या दिवशी कान उघडले असते नं, तर दोन वर्ष आधीच झाली असती."